तुरुंगाचे संग्रहालय पाहताना

वस्तुसंग्रहालयाची कल्पना आता समाजात चांगली रुळली आहे. उत्खननात सापडलेली नाणी, भग्न मूर्ती, ताम्रपट, जुनी शस्त्रे, राजेरजवाड्यांची वस्त्रे हे सारे दूरदूरहून आणून एका छपराखाली मांडले जाते आणि लोक ते पाहून समाधानाने घरी जातात. तुरुंगाचे संग्रहालय या जातीचे नव्हे. तेथे वस्तू फार थोड्या असतात. एक बेडी, एक थाळी, एक बिल्ला, भिंतीवर काही छायाचित्रे, एवढाच पुष्कळदा तेथला ऐवज. पाहण्याची खरी वस्तू म्हणजे ती वास्तूच होय. ज्या जागेचा उंबरठा ओलांडण्याची पाळी येऊ नये म्हणून माणूस जन्मभर जपतो, त्याच जागी तो तिकीट काढून, मुलाबाळांचा हात धरून जातो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तो तेथे काय पाहतो, आणि त्याने काय पाहावयास हवे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. तुरुंगाची हकीकत नेहमी दोन ठिकाणी नोंदलेली असते. एक नोंद सरकारी दप्तरात असते: कैद्याचा क्रमांक, गुन्ह्याचे कलम, शिक्षेची मुदत, सुटकेची किंवा मृत्यूची तारीख. दुसरी नोंद लोकांच्या आठवणीत असते. या दोन नोंदी क्वचितच जुळतात. दप्तर ज्याला दरोडेखोर म्हणते त्याला लोक अन्नदाता म्हणतात. दप्तराला जो राजद्रोही वाटतो त्याचे नाव लोक चौकाला देतात. तुरुंगाचे संग्रहालय या दोन नोंदींच्या मध्ये उभे असते. त्या दोन्ही समोरासमोर मांडणे हेच त्याचे काम.

याचे एक बोलके उदाहरण छत्तीसगढच्या राजधानीत, रायपूर येथे आहे. रायपूरचा गोल बाजार हा गजबजलेला जुना बाजार. मालवीय मार्गाने तेथून थोडे पुढे गेले की जयस्तंभ चौक लागतो. बाजारहाट करून परतणारी माणसे रोज या चौकातून जातात. १८५७ साली याच जागी नारायणसिंह या जमीनदाराला देहदंड देण्यात आला, असे रायपूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तेथे तुरुंगाची भिंत नाही, कोठडी नाही, गज नाहीत. आहे ती फक्त आठवण.

नारायणसिंह हे सोनाखानचे बिंझवार जमातीचे जमीनदार. हा सारा मुलूख शतकाहून अधिक काळ नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले आणि त्याबरोबर छत्तीसगढही कंपनी सरकारच्या हाती गेले. नवा अंमल पुरता बसतो न बसतो तोच १८५६ साली दुष्काळ पडला. सोनाखानची रयत उपाशी, आणि कसडोलच्या एका व्यापाऱ्याची कोठारे मात्र धान्याने भरलेली. नारायणसिंहांनी ते कोठार फोडून धान्य लोकांना वाटले, आणि आपण काय केले हे स्वतःच अधिकाऱ्यांना कळवलेही. व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून २४ ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांना संबळपूर येथे पकडून रायपूरच्या तुरुंगात टाकण्यात आले. पुढच्या वर्षी उत्तरेत उठाव पेटला. रायपूरच्या पलटणीतील शिपायांची सहानुभूती कैद्याकडे होती. ऑगस्ट १८५७ मध्ये नारायणसिंह तुरुंगातून निसटले आणि सोनाखानला जाऊन त्यांनी पाचशेच्या आसपास माणसे जमवली. ही लढाई फार दिवस टिकणारी नव्हती. १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपूर येथे मृत्युदंड देण्यात आला. जेमतेम सहा आठवड्यांनी, १८ जानेवारी १८५८ रोजी, त्याच छावणीतील हनुमानसिंह या लष्करी सेवकाने सार्जंट मेजर सिडवेल याला ठार केले. हनुमानसिंह हाती लागले नाहीत. त्यांच्या सतरा साथीदारांना मात्र २२ जानेवारीस फाशी देण्यात आली.

सरकारी दप्तर हे प्रकरण धान्याची लूट आणि बंड या दोन शब्दांत मिटवते. दप्तराच्या दृष्टीने कोठार कोणाच्या मालकीचे एवढाच प्रश्न होता. भुकेचा तेथे विचार नव्हता. लोकांनी भूक लक्षात ठेवली. १ नोव्हेंबर २०२५ रोजी नवा रायपूर येथे नारायणसिंह यांच्या नावाचे स्मारक आणि आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालय सुरू झाले. १८२५ सालचे परलकोटचे बंड आणि त्यात फासावर गेलेले गेंदसिंह, १९१० सालचा बस्तरचा भूमकाल आणि त्याचे पुढारी गुंडाधूर, अशा उठावांच्या परंपरेत आता सोनाखानची कथाही सांगितली जाते. ही घटना आनंदाची आहे. तरीही एक फरक उरतोच. मूळ वास्तू हाती नसेल तेव्हा संग्रहालयाला पुतळ्यांवर, चित्रांवर आणि प्रकाशयोजनेवर विसंबावे लागते. जेथे मूळ भिंती उभ्या आहेत तेथे त्याच साक्षीला येतात.

या भिंतींची साक्ष समजण्यासाठी तुरुंग म्हणजे काय आणि तो केव्हा आला, हे पाहिले पाहिजे. कैद ही गोष्ट अर्थातच जुनी. मराठेशाहीत राजकीय कैद्यांना किल्ल्यावर ठेवीत; सखारामबापू बोकिलांसारख्या मुत्सद्द्याचे अखेरचे दिवस अशा कैदेतच गेले. परंतु ठरावीक गुन्ह्याला ठरावीक वर्षे बंद कोठडीत घालवणे, हीच शिक्षेची मुख्य तऱ्हा मानणे, ही आधुनिक काळाची कल्पना. पूर्वी दंड, हद्दपारी, देहदंड, अवयवच्छेद यांवर भर असे. कैद म्हणजे बहुधा निकाल लागेपर्यंत किंवा धन्याची मर्जी फिरेपर्यंत केलेली अडवणूक. इंग्लंडमध्ये जॉन हॉवर्ड याने १७७७ साली तुरुंगांच्या दुरवस्थेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. जेरेमी बेंथम याने १७९१ मध्ये अशा तुरुंगाचा आराखडा मांडला की मधोमध बसलेला एक पहारेकरी भोवतालच्या सर्व कोठड्या पाहू शकेल, पण आपल्यावर या क्षणी नजर आहे की नाही हे कैद्याला कळू नये. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८२९ साली प्रत्येक कैद्याला एकांतात ठेवणारा मोठा तुरुंग सुरू झाला. एकांतात माणूस अंतर्मुख होईल आणि सुधारेल, ही त्यामागची श्रद्धा. प्रत्यक्षात एकांताने माणसे खचतात, वेडी होतात, असाच अनुभव पुढे आला.

हिंदुस्थानात मेकॉले याच्या सूचनेवरून एक समिती नेमली गेली आणि तिने १८३८ साली अहवाल दिला. कैद्यांना रस्त्यांच्या कामावर नेण्याची पद्धत बंद करावी, त्यांना बंदिस्त इमारतीत ठेवावे, शिक्षा कडक आणि एकसारखी असावी, असा तिचा रोख होता. त्यातून निघालेल्या सुधारणा कैद्यांना सुधारणा वाटल्या नाहीत. पूर्वी ज्याचा तो शिधा शिजवून खाई. आता सर्वांचे अन्न एकत्र शिजू लागले. तेव्हा अनेक ठिकाणी दंगे झाले. १८५५ साली तर बिहारमधील मुजफ्फरपूर आणि आरा येथे कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्याचा प्रयत्न झाला, आणि तेवढ्यावरून मोठा क्षोभ उसळला. लोटा हा कैद्याच्या हातातील घरची अखेरची वस्तू. त्यात त्याची जात होती, शुचिता होती आणि माणूस म्हणून उरलेला मानही होता. एखाद्या संग्रहालयात साधा पितळी तांब्या ठेवलेला दिसला, तर पाहणाऱ्याने त्यापुढे क्षणभर थांबावे. १८९४ साली तुरुंगांचा कायदा झाला. स्त्रिया, अल्पवयीन आणि खटला चालू असलेले कैदी यांना वेगळे ठेवण्याचे नियम त्यात होते, तसेच शिस्तभंगाबद्दल बेड्या घालण्याचे आणि तीस फटक्यांपर्यंत मार देण्याचे अधिकारही होते. देश स्वतंत्र झाल्यावरही कित्येक दशके तुरुंगांचा कारभार याच कायद्याच्या पायावर चालत राहिला. केंद्र सरकारने नवा आदर्श कायदा तयार करून राज्यांपुढे ठेवला तो २०२३ साली.

हा इतिहास मनात ठेवून अंदमानच्या सेल्युलर तुरुंगाकडे पाहिले म्हणजे त्या वास्तूची रचना वाचता येते. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत ती बांधली गेली. मध्ये एक मनोरा आणि चाकाला आरे असावेत तशा त्यापासून निघालेल्या सात तीनमजली इमारती. कोठड्यांची संख्या सातशेच्या जवळपास. प्रत्येक कोठडी साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद. वर उंचावर एक लहानसा झरोका. एका इमारतीच्या कोठड्यांची दारे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात, त्यामुळे समोर कधी माणूस दिसत नाही, दिसते ती भिंत. या रचनेत कोठेही योगायोग नाही. माणसाला माणसाचा चेहरा दिसू नये, यासाठी आखणाऱ्याने आपले सारे कसब खर्च केले होते. सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. कोठडीत पाऊल टाकणाऱ्या प्रेक्षकाने दार लोटून घेऊन दोन मिनिटे काही न बोलता उभे राहिले, तर शंभर फलकांनी सांगता येणार नाही ते त्याला कळते.

वास्तूनंतर वस्तू. तुरुंगातील वस्तूंचे सामान्यतः दोन वर्ग पडतात: तुरुंगाने कैद्याला दिलेल्या आणि कैद्याने तुरुंगाच्या हातून मिळवलेल्या. बेडी, बिल्ला, जाडेभरडे कपडे, कोलू हा पहिला वर्ग. अंदमानात कोलूला जुंपलेल्या कैद्याला दिवसाला तीस पौंड खोबरेल काढावे लागे. ते भरले नाही तर शिक्षा. विनायक दामोदर सावरकरांच्या गळ्यातील बिल्ल्यावर त्यांचा क्रमांक ३२७७८ आणि सुटकेचे वर्ष १९६० कोरलेले होते. १९११ साली तेथे पोहोचलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने १९६० हा आकडा रोज छातीवर वागवावयाचा! बिल्ला हा लाकडाचा किंवा धातूचा लहानसा तुकडा असतो; पण माणसाचे नाव पुसून तेथे आकडा लिहिण्याची सत्ता त्या तुकड्यात साठवलेली असते.

दुसऱ्या वर्गातील वस्तू बहुधा कागदाच्या असतात. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी १९१० ते १९११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले ते शिसपेन्सिलीने. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ती प्रवचने उतरवून घेत. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तीही अवघ्या चार-पाच दिवसांत. मराठी घराघरांत पोचलेली ही पुस्तके तुरुंगाच्या भिंतीआड जन्मली. ज्या व्यवस्थेने माणसाला आकडा करावयाचे ठरवले होते, तिच्याच आवारात माणसाने आपला आवाज असा टिकवून धरला. म्हणून तुरुंगाच्या संग्रहालयात बेडीइतकेच महत्त्व पेन्सिलीलाही दिले पाहिजे.

गोव्यातील आग्वादचा तुरुंग हे मराठी माणसाला विशेष जवळचे असे दुसरे ठिकाण. मांडवी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे बार्देशच्या टोकावर पोर्तुगीजांनी डच आरमाराच्या भयाने हा किल्ला उभारला आणि तो १६१२ साली पुरा झाला. येथे गोड्या पाण्याचा झरा होता. येणारीजाणारी गलबते पाणी भरून घेत. पोर्तुगीज भाषेतील पाण्याच्या शब्दावरूनच त्याला हे नाव पडले. किल्ल्याच्या पायथ्याशी, अगदी पाण्याच्या काठावर, तुरुंग आहे. एके काळी तहानलेल्या खलाशांना दिलासा देणारी जागा पुढे साळाझारच्या राजवटीत तिच्या विरोधकांना कोंडण्याचे ठिकाण झाली.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे बंदी झुगारून सभा घेतली आणि गोव्याच्या लढ्याला नवे वळण मिळाले. त्यांना पकडून हद्दीबाहेर घालवण्यात आले. २९ सप्टेंबरला ते पुन्हा आले तेव्हा कुळे स्थानकावर त्यांना अटक झाली आणि सुमारे दहा दिवस त्यांनी आग्वादच्या एकांतकोठडीत काढले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पकडून याच तुरुंगात ठेवले गेले. १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे हे विद्वान गृहस्थ तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधील पेनिश येथील समुद्रकाठच्या किल्ल्यात पाठवले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही तेथेच नेले गेले. कुन्हा १९५३ साली भारतात परतले आणि गोवा मुक्त होण्याच्या तीन वर्षे आधी, १९५८ मध्ये, मुंबईत निवर्तले.

१९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत महाराष्ट्रातून सत्याग्रह्यांच्या तुकड्या सरहद्द ओलांडू लागल्या. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गेली. पाठोपाठ शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी, बंगालचे त्रिदिब चौधरी गेले. समाजवादी, जनसंघाचे, कम्युनिस्ट असे एरवी एकमेकांना कडाडून विरोध करणारे कार्यकर्ते या लढ्यात एका वाटेने चालले. म्हापशाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारणाऱ्या सुधाताई जोशी यांनी एप्रिल १९५५ मध्ये अटक पत्करली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. पकडलेल्या नेत्यांना दहा-बारा वर्षांच्या शिक्षा ठोठावण्यात आल्या. गोरे, मधू लिमये आणि त्यांचे सहकारी फेब्रुवारी १९५७ मध्ये सुटले. पण सशस्त्र मार्गाने गेलेले मूळचे सांगलीचे मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या काशियस तुरुंगातच राहिले. त्यांची सुटका व्हावयास जानेवारी १९६९ उजाडला.

आग्वादची सर्वांत विदारक घटना मुक्तीच्या अगदी उंबरठ्यावर घडली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना मांडवीच्या काठी बेतीपर्यंत येऊन पोचली होती. आग्वादच्या तुरुंगात राजबंदी अडकले आहेत असे कळल्यावर मेजर शिवदेवसिंह सिद्धू आपली तुकडी घेऊन किल्ल्याकडे निघाले. शरण जाण्याचा हुकूम आतील शिबंदीला अजून पोचला नव्हता. गोळीबार झाला आणि मेजर सिद्धू व कॅप्टन विनोद सहगल हे दोघेही धारातीर्थी पडले. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती लिहून दिली. कोंडलेल्यांना मोकळे करावयास गेलेले दोन अधिकारी त्याच भिंतींपाशी कोसळले, ही गोष्ट त्या जागेच्या इतिहासातून वेगळी काढता येत नाही.

यापुढचा अध्याय मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसतो. गोवा मुक्त झाला, पण आग्वादचा तुरुंग बंद झाला नाही. तो तसाच चालू राहिला आणि २०१५ साली कैद्यांना कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवल्यानंतर रिकामा झाला. डागडुजी करून १९ डिसेंबर २०२१ रोजी तो संग्रहालय म्हणून लोकांना खुला करण्यात आला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे त्याच कोठड्यांत साधे कैदी राहिले: चोरीचे, मारामारीचे, खुनाचे, आणि निकालाची वाट पाहणारेही. लोहियांची कोठडी दाखवता येते, कुन्हांची सांगता येते. या इतरांची कथा कोण सांगणार?

तुरुंगाच्या संग्रहालयांपुढील खरा अवघड प्रश्न हाच आहे. राजबंद्यांच्या बाबतीत दप्तर आणि लोकस्मृती या दोन्ही नोंदी हाती असतात. साध्या कैद्याची एकच नोंद असते, दप्तरातली. त्याने आत्मचरित्र लिहिलेले नसते. त्याचे घर त्याचे नाव घेण्यास लाजते. त्याच्यासाठी चौक नाही, पुतळा नाही. आणि तरीही अंदमानचा कोलू फिरवणाऱ्यांत आणि तुरुंगाच्या भिंती रचणाऱ्यांत संख्येने बहुसंख्य होता तो हाच माणूस. त्याने केलेल्या गुन्ह्याचे समर्थन करावयाचे नाही. परंतु त्याला कसे वागवले गेले हे सांगितल्यावाचून तुरुंगाचा इतिहास पुरा होत नाही.

हा केवळ गतकाळाचा प्रश्न नव्हे. तुरुंगांच्या जुन्या नियमावल्यांत स्वयंपाक कोणत्या जातीच्या कैद्याने करावा आणि झाडलोट व मैलासफाई कोणी करावी, हे जातीवरून ठरवणारी कलमे होती. अनेक राज्यांत ती एकविसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरवली. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची सोय होती आणि प्रत्यक्षात ५,७३,२२० माणसे कोंडलेली होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला अजून निकालात निघालेला नव्हता. म्हणजे दर चार कैद्यांतील तीन कायद्याच्या दृष्टीने अजून गुन्हेगार ठरलेलेच नव्हते. साडेतेरा फुटांची जुनी कोठडी पाहून हळहळणाऱ्या प्रेक्षकाला हे आकडेही तेथेच वाचावयास मिळाले, तर त्याची हळहळ भूतकाळापाशी थांबणार नाही.

पुण्याच्या येरवडा तुरुंगाची गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चापेकर फासावर गेले. तेथेच सप्टेंबर १९३२ मध्ये महात्मा गांधींनी उपोषण केले आणि २४ तारखेला पुणे करार झाला; वाटाघाटींची साक्ष असलेले आंब्याचे झाड लोकांच्या बोलण्यात कायमचे राहिले. २६ जानेवारी २०२१ पासून महाराष्ट्र सरकारने हा भाग लोकांना दाखवण्याचा उपक्रम सुरू केला. परंतु येरवडा अजून चालता तुरुंग आहे. एका बाजूला इतिहास पाहावयास आलेली शाळकरी मुले आणि भिंतीच्या पलीकडे शिक्षा भोगणारी माणसे, असा हा शेजार आहे. अशा ठिकाणी पाहणाऱ्याची नजर कुतूहलाची असावी, पण तमाशा पाहणाऱ्याची नसावी, एवढे भान यजमानांनी आणि पाहुण्यांनी दोघांनीही बाळगले पाहिजे.

जगातील इतर देशांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. डब्लिनचा किलमेनम तुरुंग १९२४ साली बंद पडल्यावर ढासळत होता. १९६० पासून सामान्य नागरिकांनी स्वयंसेवक म्हणून राबून तो सावरला. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावर नेल्सन मंडेला यांनी आपल्या सत्तावीस वर्षांच्या कैदेपैकी अठरा वर्षे काढली. तेथे १९९७ साली संग्रहालय झाले आणि पूर्वी तेथेच कोंडलेली माणसे पाहुण्यांना वाट दाखवू लागली. कुन्हांना जेथे ठेवले होते त्या पेनिशच्या किल्ल्यात एप्रिल २०२४ मध्ये पोर्तुगालने प्रतिकाराचे आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. ज्या हुकूमशाहीने गोमंतकीयांना तेथे नेले तिनेच आपल्या पोर्तुगीज विरोधकांनाही तेथे डांबले होते. आग्वाद आणि पेनिश ही दोन टोके जोडली म्हणजे दिसते की तो लढा पोर्तुगीज माणसाशी नव्हता. एका राजवटीशी होता, आणि त्या राजवटीचे बळी दोन्ही किनाऱ्यांवर होते.

आपल्याकडे जुने तुरुंग रिकामे होतात तेव्हा त्यांची जागा बहुधा शहराच्या मोक्याच्या ठिकाणी किंवा रम्य समुद्रकाठी असते. तेथे उपाहारगृहे यावीत, रोषणाई व्हावी, पर्यटकांची गर्दी वाढावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. पाहुण्याला पाणी आणि सावली मिळाली पाहिजे, यात वाद नाही. मात्र जेथे उपोषणे झाली तेथे मेजवान्या झडू लागल्या, तर वास्तू उभी राहूनही तिची साक्ष पुसली जाते. रायपूरच्या चौकात एक वीटही शिल्लक नसताना आठवण टिकली. आणि उलट साऱ्या विटा शाबूत असताना आठवण हरपू शकते.

तेव्हा तुरुंगाचे संग्रहालय पाहावयास जाणाऱ्याने थोडी तयारी करून जावे. प्रथम वास्तू पाहावी: दार कोणीकडे उघडते, झरोका किती उंच, पहारेकरी कोठे उभा राही. मग वस्तू पाहाव्यात आणि प्रत्येकीबाबत विचारावे, ही कोणी कोणाला दिली, की कोणी कोणापासून वाचवली? फलकावरील नावे वाचावीत, आणि ज्यांची नावे तेथे नाहीत त्यांच्याबद्दलही तेथील माणसाला विचारावे. मुलांना बरोबर न्यावे, पण त्यांना केवळ छळाच्या कथा सांगू नयेत. त्याच भिंतींआड पुस्तके लिहिली गेली, भाषा शिकल्या गेल्या, वेगवेगळ्या मतांची माणसे एका पंक्तीला बसली, हेही सांगावे. गावातील एखाद्या घरी जुन्या सत्याग्रह्याचे पत्र, बिल्ला किंवा सुटकेचा कागद पेटीत पडला असेल, तर तो वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी संग्रहालयाच्या स्वाधीन करावा. नाव पुसून आकडा लिहिणे हे तुरुंगाचे काम होते. त्या आकड्यामागचे नाव शोधून पुन्हा लिहिणे हे संग्रहालयाचे काम आहे, आणि ते नाव वाचून ध्यानात ठेवणे एवढे तरी पाहणाऱ्याच्या हाती निश्चित आहे.